बोंबा शिकताना: आधी पाय बोलतो, मग ढोल

न्यू जर्सीत राहायला आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका बागेत मी पहिल्यांदा बोंबा, म्हणजे पोर्तो रिको बेटावरचा ढोलाच्या साथीचा नाच, पाहिला. लाकडी पिंपांचे तीन ढोल, बाजूला दोन काठ्या वाजवणारा एक मुलगा, आणि अर्धवर्तुळ करून उभी असलेली पन्नासेक माणसं. मध्ये साध्या टीशर्टवर घेरदार घागरा नेसलेली, साठीकडे झुकलेली एक बाई. तिनं घागऱ्याचा काठ उजवीकडे झटकला आणि त्याच क्षणी ढोल कडाडला. खांदा उडवला, ढोल कडाडला. टाच आपटली, ढोल कडाडला. काय सुरेख पकडते ही ढोलाचा ठेका, असं मला वाटलं.

खरं तर सगळं उलटं चाललं होतं. ती ढोल पकडत नव्हती, ढोल तिला पकडत होता. आपल्याकडे लावणीत किंवा कथकात नाचणारीचे पाय आणि ढोलकी-तबल्याचे बोल एकमेकांना भिडतात, पण बहुतेक वेळा बंदिश दोघांनाही आधीपासून पाठ असते. बोंबात वादकाला तुमची पुढची हालचाल माहीत नसते. तुम्ही शरीरानं बोलायचं आणि त्यानं ते ऐकून तिथल्या तिथे कातड्यावर उमटवायचं. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की बाकीचं शिकणं सोपं होतं, म्हणून तीच सुरुवातीला सांगितली.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींच्या शेजारी पोर्तो रिकोची माणसं राहतात त्यांच्यासाठी, आणि भारतात बसून पडद्यावर पाहत पाहत शिकू इच्छिणाऱ्यांसाठीही. आणि हो, नावाचा आपल्या ‘बोंबे’शी काही संबंध नाही.

आधी थोडं मागचं

हा भाग गाळून थेट पावलांकडे जाऊ नका. बोंबा ही पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी घडवलेली कला आहे. उसाच्या मळ्यांवर ती वाढली. १७९७ साली आंद्रे पिएर लेद्रू नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक बेटावर आला होता. तिथे पाहिलेल्या एका नाचाचं वर्णन त्यानं लिहून ठेवलं आहे आणि त्यातल्या ढोलाला तो ‘बांबुला’ म्हणतो. बोंबाच्या इतिहासाबद्दल बोलताना जाणकार बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात.

मळेवाल्यांना या नाचाची भीती वाटत असे आणि तिला कारणही होतं. वेगवेगळ्या मळ्यांवरची माणसं सणाच्या दिवशी ढोलाभोवती जमली की बातम्या फिरत आणि पळून जाण्याचे, उठावाचे बेतही शिजत. पोर्तो रिकोत गुलामगिरी कायद्यानं संपली २२ मार्च १८७३ रोजी. पण मुक्त झालेल्यांना पुढची तीन वर्षं कंत्राटावर राबणं सक्तीचं होतं. म्हणजे तुमच्या शिक्षिकेच्या पणजीची आई कदाचित त्या मळ्यावर असेल. वर्गात शिरताना हे मनात असू द्या.

बोंबात शेजारच्या बेटांचे आवाजही मिसळलेले आहेत. हैतीतल्या क्रांतीच्या काळात तिथले मळेवाले आपल्या गुलामांसह पोर्तो रिकोत आले, त्यामुळे काही जुन्या गाण्यांमध्ये हैतीच्या क्रिओल बोलीतले शब्द सापडतात. एका तालाचं नावच ‘ओलांदेस’, म्हणजे डच. डचांच्या ताब्यातल्या बेटांशी असलेल्या संबंधाची ती खूण.

पुढे विसाव्या शतकात हे सगळं टिकलं ते घराण्यांमुळे. राजधानी सान हुआनमधल्या सांतुर्से भागातले राफाएल सेपेदा आतिलेस (१९१०–१९९६) आणि त्यांच्या पत्नी कारिदाद ब्रेनेस यांनी मुलानातवंडांना वाजवायला, गायला, नाचायला शिकवलं. १९८३ मध्ये राफाएल यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. तोच सन्मान २०१७ मध्ये त्यांचे पुत्र मोदेस्तो सेपेदा यांनाही मिळाला. लोइसा गावात आयाला घराणं आहे. तिथले कास्तोर आयाला नारळाच्या कवट्यांचे मुखवटे करण्यासाठीही प्रसिद्ध होते. ‘घराणं’ हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, हे आपलं भाग्य.

पायरी पहिली: महिनाभर फक्त ऐका

घाई करू नका. रोज वीस मिनिटं ऐका आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याच्या मागे लागा.

ढोलांना ‘बार्रिल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पिंप. रमची आणि इतर मालाची रिकामी पिंपं कापून, वर बकऱ्याचं कातडं चढवून ते बनत आले. कमीत कमी दोन ढोल हवेत. मोठा, खर्ज आवाजाचा तो ‘बुलेआदोर’. तो एकच ठेका धरून राहतो, हलत नाही. लहान, चढ्या आवाजाचा तो ‘प्रीमो’, काही ठिकाणी त्यालाच ‘सुबिदोर’ म्हणतात. नाचणाऱ्याशी बोलतो तो प्रीमो. बुलेआदोरवर पारंपरिक पद्धतीनं बोकडाचं जाड कातडं असतं आणि प्रीमोवर शेळीचं पातळ. ढोल-ताशा पथकात कुणी पान बदललं असेल तर हा फरक हाताला लगेच कळेल.

तिसरं वाद्य ‘कुआ’. दोन काठ्या पिंपाच्या लाकडी अंगावर किंवा बांबूच्या तुकड्यावर वाजवतात. आवाज कोरडा, टोकदार. गर्दीत ठेका हरवला की कान कुआकडे न्या, तो परत सापडतो. चौथं वाद्य एकच मोठा ‘माराका’, खुळखुळा, बहुधा गाणाऱ्याच्या हातात. गाणं आपल्या ओळखीच्या पद्धतीचं आहे: एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची. कीर्तनात टाळकरी जसे ध्रुपद उचलतात, तसं इथे ‘कोरो’ (साथीला गाणारी मंडळी) उचलतो. तुम्हीही उचला. स्पॅनिश येत नसलं तरी चालतं, दोन ओळी असतात आणि त्या वीस वेळा येतात.

ऐकताना एका घोटाळ्यापासून सावध राहा. ‘बोंबा आणि प्लेना’ अशी जोडी नेहमी ऐकू येते, पण हे दोन वेगळे प्रकार आहेत. प्लेना पांदेरेता नावाच्या, हातात धरायच्या डफांवर वाजते आणि तिची गाणी गावातल्या बातम्या सांगतात. समोर उभी पिंपं दिसली तर बोंबा, हातात डफ दिसले तर प्लेना.

कुठून ऐकावं? १९५० च्या दशकात राफाएल कोर्तिहो यांच्या वाद्यवृंदानं, इस्माएल रिवेरा यांच्या आवाजात, बोंबाचे ताल नाचघरांत आणि रेडिओवर नेले. ते ऐकायला सोपं आणि आनंदाचं आहे. पण त्यात पितळी वाद्यांची फौज असते. मूळ ढोल ऐकण्यासाठी सेपेदा आणि आयाला घराण्यांची ध्वनिमुद्रणं शोधा.

पायरी दुसरी: ताल हातावर मोजा

तालांची नावं डझनाहून जास्त आहेत आणि गावागणिक, घराण्यागणिक बदलतात. नवख्यानं दोनच घ्यावेत.

पहिला ‘सिका’. हा सम संख्येत चालतो, चारात मोजता येतो. बहुतेक वर्ग यानंच सुरू होतात. दुसरा ‘युबा’. हा सहात चालतो, तीन-तीनच्या दोन गटांत, आणि दादरा कानात मुरलेल्या मराठी माणसाला तो पहिल्या दिवशी घरचा वाटतो. तिथेच फसगत होते. दादऱ्याची झुळझुळ युबात नाही. युबा जमिनीकडे ओढतो, गंभीर आहे, काहीसा दुखरा आहे. मोजणी सारखी म्हणून त्यावर दादऱ्याचा डौल चढवू नका. मी तीन आठवडे तेच केलं. शेवटी शिक्षिकेनं माझे खांदे धरून थोडे खाली दाबले, तेव्हा युबा अंगात आला.

बाकीचे ताल पुढे आपोआप भेटतील. ‘कुएंबे’ संथ आणि लाडिक, ‘ओलांदेस’ वेगवान, ‘लेरो’ सहातलाच पण वेगळ्या वळणाचा. आणि लोइसाचा ‘सेइस कोर्रिदो’, जो इतका जोरात धावतो की पहिल्यांदा नुसता पाहावा.

मोजण्याचा उपाय सोपा आहे. तोंडानं बोल म्हणा. मध्यावर तळहात पडला की ‘घुम’, काठावर बोटं पडली की ‘तं’, चापट बसली की ‘टाक’. हे बोल माझे आहेत, पोर्तो रिकोचे नाहीत. पण आपली स्मरणशक्ती बोलांवर पोसलेली आहे, ती वापरायला काय हरकत?

पायरी तिसरी: बुलेआदोरवर बसा

नाच शिकायचा असला तरी आधी ढोलावर बसा, हा माझा आग्रह आहे. प्रीमोला हात लावायची घाई मुळीच नको. प्रीमो वाजवणाऱ्याला शेकडो नाचणारे पाहिलेले असावे लागतात.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. बांगडीनं कातडं फाटतं आणि बोटही फुटतं. खुर्चीच्या टोकावर बसा, ढोल दोन्ही गुडघ्यांत धरा, किंचित पुढे कलता. खालचं तोंड जमिनीवर पूर्ण टेकलं की खर्ज गुदमरतो. खांदे सैल. ताकद दंडातून आली तर दहा मिनिटांत हात भरून येतात, मनगटानं हात टाकायचा. पहिल्या दोन आठवड्यांत तळवे लाल होतील, ते ठीक. बधिरपणा आला किंवा सांधा दुखला तर थांबा.

मग तो एक ठेका धरायचा आणि सोडायचा नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बदल नाही, सजावट नाही. शेजारी प्रीमो आकाशात उडत असतो, समोर कुणीतरी नाचत असतं, आणि तुम्ही तेच वाजवत राहायचं. ते कंटाळवाणं वाटेल असं मला वाटलं होतं, पण तसं होत नाही. सगळ्यांचं वजन आपल्या हातांवर आहे याची हळूहळू जाणीव होते आणि त्यात एक वेगळंच समाधान आहे.

भारतात असाल आणि बार्रिल मिळत नसेल तर कोंगा चालेल, जेंबेही चालेल, तेही नसेल तर पालथी बादली. ढोलकी मात्र नको. ती आडवी असते, तिला दोन तोंडं असतात, आणि हात सवयीनं आपलाच ठेका वाजवू लागतो.

पायरी चौथी: पाय आणि घागरा

मूळ पाऊल साधं असतं. वजन एका पायावर, दुसरा बाजूला टाका, परत जवळ आणा, मग दुसऱ्या बाजूनं. गुडघे थोडे वाकलेले, छाती उघडी, मान ताठ. आरशासमोर न करता भिंतीकडे तोंड करून, फक्त कुआ ऐकत करा. पाऊल तालात आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळतं.

घागरा घेरदार हवा, आणि काठ दोन्ही हातांत धरता येईल इतका लांब. वर्गात बहुधा उसना मिळतो. आपला नवरात्रातला जड, आरसे लावलेला घागरा आणू नका, तो झटकता येत नाही. सुती, हलका, भरपूर चुणीचा हवा. मनगटानं काठ उडवायचा, दंडानं नाही. घागऱ्याचा प्रत्येक झटका म्हणजे एक शब्द आहे, तेव्हा सतत हलवत राहिलात तर ती नुसती बडबड होते.

पुरुषांनी काय करावं? पारंपरिक पद्धतीत पुरुष डोईवर टोपी ठेवून, ताठ डौलानं, पाय, खांदे आणि हातांच्या हालचालींतून बोलतात. आज या सीमा बऱ्याच सैल झाल्या आहेत. बायका पँट घालून नाचतात, पुरुष घागरा घेतात, आणि पूर्वी पुरुषांकडे असलेल्या ढोलांवर आता बायका सर्रास बसतात. पांढरा झालरींचा पोशाख आणि डोक्याला रुमाल हे जे चित्र इंटरनेटवर दिसतं ते मुख्यतः रंगमंचाचं आहे. वर्गात तो पोशाख घालून जाऊ नये. साधे कपडे, पायात सपाट बूट किंवा जागा स्वच्छ असेल तर अनवाणी.

पायरी पाचवी: बातेयमध्ये शिरणं

हा लेख मी खरं तर या पायरीसाठी लिहायला घेतला. नाचाच्या मोकळ्या जागेला ‘बातेय’ म्हणतात, आणि जिथे प्रेक्षक-कलाकार असा भेद नसतो, कुणीही पुढे येऊन नाचू शकतं, अशा मेळ्याला ‘बोंबासो’. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बोंबा बराचसा रंगमंचावर गेला होता. लोक बसून बघायचे, टाळ्या वाजवायचे. १९९० च्या दशकात एम्मानुएल्ली नातेर बंधूंसारख्या तरुण वादकांनी तो पुन्हा रस्त्यावर, चौकात आणला, तेव्हापासून बोंबासो वाढले. त्यामुळे आज तुम्हाला-मला आत शिरायला जागा आहे.

आत शिरण्याची रीत अशी.

आधी काठावर उभं राहा, गा, टाळ्या द्या. निदान दोन-तीन जणांचा नाच पूर्ण बघा. बातेयमध्ये प्रीमोशी एका वेळी एकच जण बोलतो. आधीचा नाचणारा वाकून निरोप घेईपर्यंत पाऊल आत टाकायचं नाही. मला हे ठाऊक नव्हतं. उत्साहाच्या भरात मी एका आजोबांचा नाच चालू असताना आत गेले होते. ढोल थांबले नाहीत, कुणी ओरडलं नाही, आजोबा हसून बाजूला झाले. पण त्यांचं अर्धवट राहिलेलं बोलणं मी तोडलं होतं, आणि ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी मी जाऊन त्यांची माफी मागितली.

जागा मोकळी झाली की चालत आत या. या चालण्यालाच ‘पासेओ’ म्हणतात आणि तो नाचाचाच भाग आहे. तालात, मान वर, बातेयभर एक फेरी. नवखे इथे संकोचानं खाली बघत भरभर चालतात. तसं करू नका, कारण वादक तुम्हाला इथेच वाचायला लागतो: ही बाई किती वजनानं पाऊल टाकते, कुठे थांबते.

मग प्रीमोसमोर या आणि ढोलाला अभिवादन करा. मान झुकवा, किंवा घागरा धरून किंचित वाका. रंगमंचाला हात लावून पाया पडण्याची सवय असलेल्यांना हे आपोआप जमतं. तरी तिथल्या रीतीनंच करा, ढोलाला वाकून नमस्काराचा हात लावायला जाऊ नका. वाजवणाऱ्याचे हात तिथे असतात.

त्यानंतर काही क्षण मूळ पाऊल धरा आणि मग पहिला ‘पिकेते’ टाका. पिकेते म्हणजे तो अचानक, टोकदार आविर्भाव, ज्यावर ढोल कडाडतो. पहिल्या वेळेसाठी तीनच ठेवा: एक खांद्याचा, एक टाचेचा, एक घागऱ्याचा. प्रत्येक पिकेते स्वच्छ सुरू व्हावा आणि स्वच्छ संपावा. मध्ये श्वासभर जागा सोडा. माझ्या सुरुवातीच्या नाचात हालचाली खूप होत्या आणि प्रीमो जवळजवळ गप्प होता. तो रुसला नव्हता, त्याला धरायला काही मिळतच नव्हतं. ज्या दिवशी मी फक्त उजवा खांदा उडवला आणि थांबले, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या खांद्यातून आवाज निघाला. तसंच वाटतं ते, ढोलाचा आवाज आपल्या अंगातून निघाल्यासारखं. त्याआधी मी सहा महिने वर्गात जात होते.

प्रीमोकडे पाठ करू नका. वळायचं असेल तर चटकन वळून परत समोर या, कारण पाठीवरचा पिकेते त्याला नीट दिसत नाही. वादकाला चकवायचा खेळ असतो, टाच उचलायची आणि आपटायचीच नाही, पण तो जुन्या जाणत्यांचा खेळ आहे. आधी नीट बोलायला शिका. दोन-तीन मिनिटं पुरेत. पुन्हा ढोलाला अभिवादन करा आणि बाहेर या. पाठून कुणीतरी वाट बघत असतं.

काही गोष्टी ज्या वर्गात कुणी सांगत नाही

चित्रीकरण विचारून करा. लहान मुलं नाचत असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारा. समोर टोपी किंवा डबा फिरला तर पैसे टाका, ढोलांची दुरुस्ती आणि प्रवास त्यातूनच होतो. फुकट वर्ग मिळाला तरी शिक्षकांना शिकवणीचा मोबदला विचारून द्या.

शिकलेलं आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात सादर करावंसं वाटेल. मलाही वाटलं. मी शिक्षिकेला विचारलं आणि त्यांनी प्रश्न केला, ढोल कोण वाजवणार? ध्वनिमुद्रणावर बोंबा नाचता येतच नाही, कारण ध्वनिमुद्रण तुमचा खांदा बघत नाही. शेवटी आम्ही वादकांनाच बोलावलं, त्यांचं मानधन दिलं, आणि नाचले तेही तेच. मी बुलेआदोरवर बसले.

बोंबा फक्त सणासुदीला वाजतो असंही समजू नका. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यपाल रिकार्दो रोसेयो यांच्या राजीनाम्यासाठी सान हुआनच्या रस्त्यांवर लोक उतरले, तेव्हा निदर्शनांत बोंबाही नाचला गेला. अशा ठिकाणी पाहुण्यानं काठावर राहावं, कोरो गावा, बातेय त्यांच्यासाठी सोडावा.

कुठे जावं

न्यूयॉर्क परिसरात असाल तर सोय चांगली आहे. ‘लोस प्लेनेरोस दे ला २१’ ही १९८३ पासूनची संस्था ईस्ट हार्लेममध्ये रुजलेली आहे आणि ती बोंबा-प्लेना शिकवते. शिकागो, ऑर्लँडो, फिलाडेल्फिया अशा जिथे पोर्तो रिकोची वस्ती मोठी आहे तिथे त्यांच्या सांस्कृतिक केंद्रांत चौकशी करा.

बेटावर जायचं असेल तर पोर्तो रिको अमेरिकेच्याच अखत्यारीत आहे. अमेरिकेतून विमान देशांतर्गत असतं, भारतातून जाणाऱ्याला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. सान हुआनमधला सांतुर्से भाग आणि पूर्वेचं लोइसा ही दोन ठिकाणं ठरवूनच पाहा. लोइसात जुलैच्या अखेरीस सांतियागो आपोस्तोलचा उत्सव असतो, तेव्हा नारळाचे शिंगवाले मुखवटे घातलेले वेहिगांते रस्त्यात भेटतात आणि बोंबाही ऐकायला मिळतो. दक्षिणेला पोन्से आणि ग्वायामा, पश्चिमेला मायाग्वेस, इथल्या शैली वेगळ्या आहेत. सान हुआनमध्ये शिकलेलं तिथे जसंच्या तसं चालेल असं धरून जाऊ नका. आधी बघा.

आणि बोंबासो संपला की लगेच निघू नका. कातड्याचा ताण उतरवायचा असतो, पिंपं उचलून गाडीत ठेवायची असतात, ती जड असतात आणि हात नेहमीच कमी पडतात. एक पिंप उचला. पुढचा बोंबासो कधी आणि कुठे, हे बहुधा त्या गाडीपाशीच कळतं.